चालताना सेन्सर एक सांगतो आणि बोट दुसरंच, मग ऐकायचं कुणाचं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात आकडे नीट वेळेसकट दिलेत, असं फार कमी जण करतात. आधी मला काय समजलं ते लिहिते, काही चुकलं असेल तर सांगा. तुम्ही ५१ वर्षांचे, मुलुंडला राहता, टाइप २ डायबेटिस आहे, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या त्याच्या गोळ्या चालू आहेत, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचं १० किलोमीटर करायचंय म्हणून दर रविवारी चालणं-पळणं मिळून ७-८ किलोमीटर करता. मागच्या रविवारी सकाळी बिनसाखरेच्या चहासोबत गोळी घेऊन निघालात, ४५ मिनिटांनी हात थरथरायला लागले, दंडावर लावलेल्या साखर मोजणाऱ्या सेन्सरवर ११२ आणि तिरका खाली जाणारा बाण, बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर बघितलं तर ७४. मग ग्लुकोज पावडरचं पाणी आणि अर्धा पुडा बिस्किटं. १५ मिनिटांनी सेन्सर ६६, बोट १२१! ते ६६ बघून घाबरून वरून केळं आणि शहाळं, आणि साडेनऊला सेन्सर २२८. शिवाय दोन रात्री तीनच्या सुमाराला ५७ चा अलार्म, बोटावर मात्र १०९. आणि ऑफिसात खुर्चीत बसून बघितलं की दोघांत जेमतेम ५ ते ८ चा फरक. म्हणून तुम्ही विचारताय की सेन्सर खराब निघाला का, चार-पाच हजार वाया गेले का, आणि त्यापेक्षा टोचायची गरज नसलेलं घड्याळ घेऊ का.

मी दादरला एका क्लिनिकमध्ये डायबेटिस एज्युकेटर आहे, १९ वर्षं झाली, सेन्सर लावून द्यायला लागले त्यालाही आता बरीच वर्षं होत आली. तुमच्या आकड्यांवरून मला तुमचा सेन्सर खराब वाटत नाही. खराब सेन्सर बसल्या जागीसुद्धा भरकटतो, तुमचा तिथे नीट आहे. तुमच्या तिन्ही घटनांमध्ये चूक झालीय पण ती कुठल्या बाजूला होणार हे आधीच सांगता आलं असतं, आणि मला वाटतं तुम्हाला कुणी न सांगितलेली गोष्ट हीच आहे. सेन्सर चुकतो तेव्हा त्याची एक ठरलेली दिशा असते. ती ओळखता आली की तुम्ही केळं आणि शहाळं घेतलं नसतं.

आता मुळापासून. सेन्सरची ती बारीक तार कातडीखाली साधारण ५ मिलिमीटर जाते, पण ती रक्तवाहिनीत नसते. पेशींच्या मधे जो द्रव असतो त्यात ती बसते आणि तिथली साखर मोजते. तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं, साखरेशी त्याची रिअ‍ॅक्शन होते, त्यातून अगदी सूक्ष्म करंट तयार होतो आणि त्या करंटचा आकडा करून तुमच्या फोनवर येतो. बोटातून जे घेता ते रक्त. म्हणजे दोन उपकरणं दोन वेगळ्या जागची साखर मोजतायत. मी पेशंटना भरतीचं उदाहरण देते, मुंबईच्या माणसाला ते लगेच कळतं. गिरगाव चौपाटीला भरती लागली म्हणून त्याच मिनिटाला ठाण्याच्या खाडीत आतवर पाणी चढत नाही, तिथे पोचायला वेळ लागतो. ओहोटीचंही तेच, समुद्र उतरायला लागला तरी खाडीत पाणी थोडा वेळ भरलेलं दिसतं. रक्त म्हणजे समुद्र, आणि सेन्सर बसलाय खाडीत. पाणी स्थिर असताना दोन्हीकडची पातळी जवळपास सारखी, पाणी वळत असताना मात्र खाडी मागे राहते. बसल्या जागी हा उशीर साधारण ५ ते १० मिनिटांचा असतो आणि साखर हळू बदलत असेल तर तो जाणवतही नाही, म्हणून तुमच्या ऑफिसातल्या खुर्चीत सगळं जुळतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण जवळजवळ सगळेच बोटाचा आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य धरून बसतात. ग्लुकोमीटरलाही सूट दिलेली आहे. २०१३ च्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार मीटरचे ९५ टक्के आकडे लॅबच्या आकड्यापासून, साखर १०० च्या खाली असेल तर १५ अंकांच्या आत आणि १०० किंवा वर असेल तर १५ टक्क्यांच्या आत असले की मीटर पास. म्हणजे तुमचं ७४ हे खरं तर ५९ असू शकतं किंवा ८९ सुद्धा. सेन्सरची अचूकता एमएआरडी नावाच्या आकड्यात सांगतात, लॅबच्या आकड्यापेक्षा सेन्सर सरासरी किती टक्के इकडेतिकडे असतो ते. फ्रीस्टाइल लिब्रे नावाच्या सेन्सरच्या पहिल्या पिढीचा तो ११.४ होता, त्यानंतरच्या लिब्रे २ किंवा डेक्सकॉम जी६ सारख्यांचा ९ ते १० च्या आसपास. पण ही सरासरी आहे हो, कमाल मर्यादा नाही. ९ टक्के म्हणजे कधी २ टक्के चुकणार आणि कधी २० टक्केसुद्धा. आणि ही सरासरी काढली जाते तेव्हा बहुतेक लोक क्लिनिकमध्ये खुर्चीत किंवा पलंगावर असतात, मुलुंडहून ऐरोलीच्या पुलाकडे पळत नसतात.

पळताना काय होतं? एकतर साखर भराभर बदलते, स्नायू ती खेचून घेत असतात, त्यामुळे तो ५-१० मिनिटांचा उशीर लांबतो, १२-१५ मिनिटं आणि काही जणांत त्याहून जास्त. दुसरं, शरीर रक्तपुरवठा फिरवतं, पायांच्या स्नायूंकडे जास्त, कातडीकडे घाम काढण्यासाठी वेगळं, तापमान वाढतं, आणि तार जिथे बसलीय तिथल्या द्रवाची सगळी परिस्थितीच बदलते. तिसरं, हात हलतो तशी तारही आत किंचित हलते. यातल्या कुठल्या कारणाचा किती वाटा हे प्रत्येक माणसात वेगळं. टाइप १ (ज्यांना इन्सुलिन घ्यावंच लागतं) असलेल्यांवर व्यायाम करताना जे अभ्यास झालेत त्यात एमएआरडी विश्रांतीतल्या १०-१३ वरून व्यायामात १३-१४, आणि कधी २० च्याही वर गेलेला दिसलाय. म्हणजे उपकरण तेच, माणूसही तोच, फक्त तो उठून पळायला लागला की चूक वाढते.

आता तुमचा रविवार परत बघू. सेन्सर ११२ आणि तिरका बाण खाली. लिब्रेसारख्या सेन्सरमध्ये तिरक्या बाणाचा अर्थ मिनिटाला १ ते २ अंकांनी पडतेय, आणि सरळ खाली बाण म्हणजे मिनिटाला २ पेक्षा जास्त. धरा मिनिटाला पावणेदोनने पडत होती आणि उशीर १२ ते १५ मिनिटांचा होता, तर नुसत्या उशिराने २१ ते २६ अंकांचा फरक पडला. उरलेले १२-१७ अंक सेन्सर आणि मीटर यांच्या नेहमीच्या चुकीत सहज बसतात. म्हणजे ११२ आणि ७४ मध्ये गूढ काहीच नाही, सेन्सर तुम्हाला पाव तासापूर्वीची बातमी देत होता, आणि बाण खाली असताना ही चूक नेहमी धोक्याच्या बाजूला असते, खरी साखर दाखवलेल्यापेक्षा कमी. त्यावेळी तुम्ही हाताची थरथर ऐकलीत, बोट टोचलंत आणि साखर घेतलीत, अगदी बरोबर केलंत. ७४ तसा ७० च्या वर आहे पण पडत असलेला ७४ आणि वर लक्षणं, थांबायला नकोच होतं.

गडबड नंतर झाली. साखर घेतल्यावर रक्तात चढायला लागली, समुद्राला भरती लागली, पण खाडीत अजून ओहोटीच चालू. तुमच्या रक्तातली साखर जेव्हा सगळ्यात खाली होती तो क्षण सेन्सरला १५ मिनिटांनी दिसला आणि त्याने ६६ दाखवलं. लो वरून, म्हणजे साखर ७० च्या खाली गेल्यावर त्यातून, बाहेर येताना सेन्सर कमीच दाखवणार, हे इतक्या वेळा होतं की मी आता ते पेशंटला सेन्सर लावतानाच सांगते. तो ६६ खरा होता, पण संपलेला होता. तुम्ही त्याच्यावर उपचार केलात, केळं, शहाळं, त्याआधीची बिस्किटं जी मैदा आणि फॅटमुळे हळू चढतात, सगळं एकदम पोचलं आणि २२८. तो २२८ मात्र खरा असावा, कारण तोपर्यंत तुम्ही घरी बसला होतात.

एक शंका विचारते, तो १२१ घेताना हात धुतला होता का? ग्लुकोज पावडर हाताने सोडली, पुडा फाडला, मग घामेजल्या बोटाला टोचलं, असं झालं असेल तर त्या १२१ मध्ये थोडी बोटावरची साखर पण आहे. आंब्याच्या दिवसात तर मला हे दर आठवड्याला दिसतं, हापूस कापून हात नुसता रुमालाला पुसला आणि मीटरवर तीनशेच्या वर! लो झाल्यावर तपासताना पाण्याच्या बाटलीतलं घोटभर पाणी बोटावर ओता, कोरडं करा, आणि तेवढंही शक्य नसेल तर पहिला थेंब पुसून दुसरा घ्या. नुसत्या घामानेसुद्धा थेंब पातळ होऊन आकडा चुकतो.

लो चा उपचार एवढाच: १५ ग्रॅम पटकन चढणारी साखर, म्हणजे साधारण ३ चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यात, मग थांबायचं, बसायचं, १५ मिनिटांनी बोटावर तपासायचं. ७० च्या खाली असेल तरच परत १५ ग्रॅम. या अर्ध्या तासात सेन्सरचा आकडा बघूच नका, फार तर बाण वळलाय का तेवढं बघा. चॉकलेट, बिस्किट, पेढा हे लो वर औषध नाही, ते उशिरा पोचतात.

आता हे सगळं पडणाऱ्या साखरेचं झालं, पण व्यायामाने साखर नेहमी पडतेच असं नाही, आणि इथे उलटी फसवणूक होते. माझ्याकडे परळचा एक मुलगा येतो, टाइप १, कबड्डी खेळतो. सामना म्हणजे चढाई, पकड, श्वास रोखून ताकद, अ‍ॅड्रेनालिन उसळतं आणि लिव्हर साखर सोडतं, मग सामना संपल्यावर त्याचा सेन्सर २५०-२६० दाखवतो आणि वर बाण. एकदा त्याने ते बघून घरी जाताना इन्सुलिनचा पूर्ण डोस घेतला, खरं तर तोपर्यंत रक्तातली साखर आपोआप उतरायला लागली होती, सेन्सर तेवढा मागे होता, आणि रात्री दोनला त्याच्या आईला तो घामाने थबथबलेला सापडला. त्यात भर अशी की जोरदार व्यायामानंतर पुढचे २४ तास स्नायू साखर ओढत राहतात, त्यामुळे रात्रीचा लो तसाही जवळच असतो. त्या दिवसापासून आम्ही त्याचा नियम केला, सामन्यानंतर पाऊण तास शांत बसणं, पाणी, मग बोटावर तपासणं आणि मगच ठरवणं. तुम्ही इन्सुलिनवर नाही पण पेडर रोडसारख्या चढावर धाप लागेपर्यंत पळालात किंवा जिममध्ये वजनं उचललीत तर तुमचाही आकडा चढलेला दिसेल, तेव्हा ‘व्यायाम करून शुगर वाढली’ म्हणून व्यायाम सोडू नका. ती तासाभरात उतरते.

रात्रीच्या ५७ कडे येते. सेन्सर डाव्या दंडावर आहे म्हणालात, तुम्ही डाव्या कुशीवर झोपता का? माझा अंदाज हो. सेन्सरवर शरीराचा भार पडला की खालचा द्रव आणि रक्तपुरवठा दबतो, तारेपर्यंत साखर कमी पोचते आणि आकडा एकदम खाली कोसळतो. कूस बदलली की १५-३० मिनिटांत परत वर. ग्राफवर हे ओळखता येतं: खरा लो उतारावरून उतरल्यासारखा सावकाश येतो, दाबाचा लो विहिरीत पडल्यासारखा सरळ खाली आणि तसाच सरळ वर. लालबागच्या एका काकूंना हे माहीत नव्हतं, त्या आठवडाभर रोज पहाटे अलार्म वाजला की दोन पेढे खाऊन परत झोपायच्या आणि सकाळची उपाशी शुगर १९० च्या आसपास का येते म्हणून मला रडवेल्या आवाजात विचारत होत्या, वर डॉक्टर गोळी वाढवतील ही भीती. सेन्सर दुसऱ्या हातावर लावला, अलार्म बंद. तरीपण, आणि हे फार महत्त्वाचं आहे, तुम्ही ग्लिमेपिराइडवर आहात म्हणून रात्रीचा प्रत्येक अलार्म खोटाच असं धरून चालू नका. उठा, बोट टोचा, तुम्ही दोन्ही रात्री तसं केलंत ते उत्तम केलंत. अलार्म वाजतो म्हणून कंटाळून बंद मात्र करू नका.

आणखी काही गोष्टी ज्या मुंबईत विशेष त्रास देतात. पहिला दिवस: तार टोचल्यावर आत छोटीशी जखम होते, ती शांत होईपर्यंत, साधारण पहिले २४ तास, आकडे डगमगतात, त्या काळात कुठलाही निर्णय सेन्सरवर घेऊ नका. चिकटपट्टी: आपल्याकडे मे महिन्यात आणि ऑक्टोबरात घामाने कडा सुटतात आणि कड सुटली की तार अर्धवट बाहेर येते, मग आकडा काहीही. लावण्याआधी कातडी अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या, त्या दिवशी दंडाला तेल नको (दिवाळीच्या अभ्यंगानंतर लगेच सेन्सर लावायला येणारे असतात, त्यांना मी परत पाठवते), वरून मेडिकल टेप लावा पण मधलं भोक झाकू नका. आणि लोकल! गर्दीच्या वेळेला दारात दांड्याला धरून उभं राहिलं की कुणाची तरी सॅक थेट दंडावर, सेन्सर उखडूनच येतो किंवा नुसता दाबला जाऊन तासभर खोटं कमी दाखवतो, ज्यांचा रोजचा प्रवास विरार-चर्चगेट आहे त्यांना मी सेन्सर दंडाच्या मागे जरा आतल्या बाजूला लावून देते. पळताना हाताला बांधायचा फोनचा पट्टा सेन्सरच्या हातावर नको, तोही दाबतो.

औषधांचंही विचारून घ्या. लिब्रे २ सारख्या सेन्सरमध्ये दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या वर व्हिटॅमिन सी घेतलं तर आकडा खोटा जास्त येऊ शकतो, आणि आपल्याकडे चघळायच्या गोळ्या लोक सर्दी झाली की सहज खातात ज्या एकेक ५०० च्या असतात. काही सेन्सरमध्ये पॅरासिटामॉलने आकडा वर जातो. प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे, म्हणून डब्यातल्या कागदावर हा भाग शोधून वाचा, बाकी नाही वाचलं तरी चालेल.

आता कुणासाठी किती काळजी, हे माणसावर आहे. नुसत्या मेटफॉर्मिनवर असलेल्या माणसाला चालताना गंभीर लो होण्याची शक्यता फार कमी, त्याचा सेन्सर २० ने चुकला तर बिघडत काही नाही. इन्सुलिन, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या असतील तर तोच २० चा फरक रस्त्यात चक्कर येण्याएवढा मोठा. ज्यांना बरीच वर्षं डायबेटिस आहे त्यांना लो ची लक्षणं जाणवणंच कमी होतं. बीपी किंवा हृदयासाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर थरथर आणि धडधड झाकली जाते, घाम मात्र येतो, आणि मुंबईत पळताना घाम तर सगळ्यांनाच येतो! अशा लोकांना मी शरीरावर विसंबू नका, ठरलेल्या वेळी टोचाच असं सांगते. तुम्ही काय काय घेता ते सगळं लिहिलेलं नाही, म्हणून हे तुम्ही तुमच्या डॉक्टरांसोबत तपासा.

मी माझ्याकडच्या चालणाऱ्या-पळणाऱ्यांना काय करायला लावते ते सांगते. निघायच्या अर्धा तास आधीपासून सेन्सर दोन-तीनदा बघायचा, एकदा नाही, कारण आकड्यापेक्षा तो कुठे चाललाय ते कळायला हवं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल आणि १०० च्या खाली असेल किंवा १२० असून बाण खाली असेल तर आधी काहीतरी खाऊन निघा, अर्धं केळं, एक पोळी, काहीही. टाइप १ साठी २०१७ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या सहमतीत एरोबिक व्यायाम सुरू करायला १२६ ते १८० ही पातळी बहुतेकांना योग्य धरलीय. अलार्मची सोय असेल तर व्यायामापुरता खालचा अलार्म ७० चा १०० करून ठेवा, कारण चालताना सेन्सर ७० म्हणेल तेव्हा रक्त कदाचित ५५ झालेलं असेल. चालताना दर १५-२० मिनिटांनी बघा, बाण खाली असेल तर मनातल्या मनात आकड्यातून २०-३० वजा करा. सरळ खाली बाण असेल तर थांबा, आकडा कितीही छान असो. आणि अंग काहीतरी वेगळं सांगतंय असं वाटलं तर सेन्सरला बाजूला ठेवून बोट. छोटा मीटर, ५-६ स्ट्रिप्स आणि ग्लुकोज पावडरची पुडी कंबरेच्या पाऊचमध्ये. स्ट्रिपची बाटली पावसाळ्यात उघडी राहिली तर दमट हवेने स्ट्रिप्स खराब होतात, झाकण लगेच लावा.

मग सेन्सरचा उपयोग काय असं वाटेल. प्रचंड उपयोग आहे, फक्त एका आकड्यासाठी नाही. १४ दिवसांचा ग्राफ, त्यात ७० ते १८० मध्ये किती वेळ गेला (बहुतेक मोठ्या माणसांसाठी ७० टक्क्यांच्या वर हे ध्येय आहे), रविवारी नेहमी एकाच वेळी खड्डा पडतो का, उपासाच्या साबुदाणा खिचडीनंतर डोंगर किती उंच आणि तोच डोंगर २० मिनिटं चालल्यावर किती उतरतो, हे बोट टोचून आयुष्यात कळलं नसतं. १२ मिनिटांच्या उशिराने या चित्रात काही फरक पडत नाही.

घड्याळाबद्दल थोडक्यात: नका घेऊ. कातडीला न टोचता साखर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी आपण मंजूर केलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषधं आणि उपकरणं मंजूर करणाऱ्या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता, आणि अशा आकड्यावर गोळी ठरवणं जिवावर बेतू शकतं. जी घड्याळं सेन्सरचाच आकडा स्क्रीनवर दाखवतात ती वेगळी, ती फक्त आरसा आहेत.

आता शेवटी ज्याने मला तुमच्या प्रश्नात सगळ्यात जास्त अस्वस्थ केलं ते. तुम्ही ग्लिमेपिराइड चहासोबत घेऊन, नाश्ता न करता, तासभर पळायला निघालात. ही गोळी पँक्रियाजला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न आहे की नाही ते ती बघत नाही, म्हणूनच ती दिवसाच्या पहिल्या मुख्य जेवणासोबत घ्यायची असते. तुमची साखर पडली त्याचं कारण बहुतेक हेच आहे. सेन्सर अगदी परिपूर्ण असता तरी त्याने एवढंच केलं असतं की ७४ तुम्हाला पाव तास आधी कळलं असतं, पडली असतीच. गोळी स्वतःहून बंद किंवा कमी करू नका. डॉक्टरांना एवढंच विचारा की रविवारी पळून आल्यावर नाश्त्यासोबत घेऊ का, आणि जानेवारीपर्यंत अंतर वाढत जाणार तर डोस बदलायला हवा का. हा प्रश्न त्यांना येत्या रविवारच्या आत विचारा, फोनवर का होईना.

आणि जाताना एक कागद घेऊन जा. पुढच्या दोन आठवड्यात पाच वेगवेगळ्या प्रसंगी सेन्सर, बाण आणि बोट एकाच मिनिटाला लिहून ठेवा: सकाळी उठल्या उठल्या, जेवणानंतर दीड तासाने बसून, चालायला निघताना, चालणं थांबवल्याबरोबर, आणि त्यानंतर अर्ध्या तासाने. बसलेल्या वेळचे आकडे जुळत असतील आणि फक्त चालण्याच्या वेळचे फाटत असतील तर सेन्सर ठीक आहे. बसल्या जागीही सतत ३०-४० चा फरक येत असेल तर कंपनीच्या हेल्पलाइनला ते आकडे सांगा, सदोष सेन्सर बदलून मिळतो, म्हणून काढलेला सेन्सर आणि डबा फेकू नका. पुढचा सेन्सर शुक्रवारी रात्री उजव्या दंडावर लावा, म्हणजे रविवार उजाडेपर्यंत तो स्थिरावलेला असेल. आकडे लिहून झाले की इथेच टाका, मी बघते.